चेनसॉचं प्रशिक्षण आणि सुरक्षा साधनं कायद्यानं सक्तीची हवीत का?

मापपट्टी (धागाकर्ता)

बऱ्याच देशांत चेनसॉ, म्हणजे फिरत्या साखळीनं लाकूड कापणारी यंत्र-करवत, विकत घ्यायला परवाना लागत नाही आणि कुणी काही विचारतही नाही. पैसे मोजले की मशीन हातात. ही मोकळीक अशीच राहू द्यावी, की प्रशिक्षण आणि अंगावरची साधनं दोन्ही सक्तीची करावीत, यावर इथल्या जाणकारांचं मत हवंय.

माझं मत आधी मांडतो. सक्ती हवीच. पण वर्गात बसून मिळालेल्या कागदाची नको. परीक्षकाच्या समोर मारलेला काप पट्टीनं मोजून जो दाखला मिळेल, त्याची हवी. साधनांची जबाबदारीही आधी विकणाऱ्यावर आणि कामाला लावणाऱ्यावर टाकावी, मग वापरणाऱ्यावर.

आज कुठे काय आहे ते थोडक्यात. अमेरिकेत लाकूडतोडीच्या धंद्यासाठी 'ओशा' या कामगार-सुरक्षा खात्याचा १९१०.२६६ हा नियम १९९५ पासून लागू आहे. त्यात कामगाराचं प्रशिक्षण, प्रथमोपचाराचं शिक्षण आणि मांडीपासून बुटापर्यंत काप अडवणारं आवरण, हे सगळं मालकाच्या गळ्यात आहे. ब्रिटनमध्ये १९९८ च्या 'पुवर' नियमावलीनुसार कामावर मशीन चालवणाऱ्याला पुरेसं प्रशिक्षण असावंच लागतं. स्वीडनमध्ये २०१४ च्या डिसेंबरपासून कामासाठी चेनसॉ चालवायचा तर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा देऊन दाखला घ्यावा लागतो. त्याचे टप्पे आहेत : मशीनची मूलभूत हाताळणी, झाड पाडणं, अवघड झाडं, वादळात पडलेली झाडं. ब्राझीलमध्ये कामगाराला प्रशिक्षण देणं मालकाला बंधनकारक आहे, आणि २०१२ च्या वनकायद्यानुसार मशीन बाळगण्या-वापरण्याचा परवाना दर २ वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो.

म्हणजे 'कामगार' दिसला की कायदा जागा होतो. स्वतःच्या आवारातलं झाड स्वतः तोडणारा माणूस जवळपास सगळीकडे या चौकटीबाहेर राहतो. साखळीला मात्र मालक आणि मजूर यातला फरक कळत नाही.

उलटा_काप

साधनांचा विषय निघाला की लोक हेल्मेटपासून सुरुवात करतात. मी पायांपासून करतो, कारण तिथलीच समजूत सगळ्यात कच्ची असते.

चेनसॉची पँट म्हणजे न कापलं जाणारं कापड, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. वरचं कापड लगेच फाटतं. आतल्या थरांत लांब, सैल तंतू असतात. साखळी ते ओढून आपल्याबरोबर नेते, ते स्प्रॉकेटभोवती (साखळी फिरवणारं दातेरी चाक) गुंडाळले जातात आणि साखळी जाम होऊन थांबते. पँटचं कामच हे आहे : काही क्षणांत मशीन गुदमरवणं.

म्हणूनच पँटवर वेगाचा वर्ग लिहिलेला असतो. आयएसओ ११३९३ प्रमाणे (पूर्वीचं युरोपीय मानक ईएन ३८१) वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर, वर्ग २ म्हणजे २४ आणि वर्ग ३ म्हणजे २८ मीटर. आता हिशेब करून बघा. ३/८ इंच पिचची (पिच म्हणजे साखळीच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) साखळी, ७ दातांचं स्प्रॉकेट. एका फेऱ्यात साखळी साधारण १३३ मिलिमीटर पुढे सरकते. मिनिटाला ९,००० फेरे असतील तर वेग झाला सेकंदाला २० मीटर. १०,८०० फेऱ्यांना २४. आणि लाकडातून नुकतंच बाहेर आलेलं, ट्रिगर अजून दाबलेलाच असलेलं मशीन १३,००० वर गेलं तर जवळपास २९. नेमक्या याच क्षणी, काप संपताना, मशीन वजनानं खाली येतं आणि डाव्या मांडीकडे वळतं. वर्ग १ ची पँट घालून मोठं मशीन पूर्ण वेगात चालवणाऱ्याला 'मी सुरक्षित आहे' असं वाटत असेल, तर ते आकड्यांत बसत नाही.

कायद्यात नुसतं 'संरक्षक पँट' लिहून भागणार नाही. मशीनची ताकद आणि पँटचा वर्ग यांची सांगड घालावी लागेल.

पाचर

उलटा_काप, गणित चोख आहे. माझा आक्षेप क्रमाला आहे.

साखळीनं होणाऱ्या जखमा पुष्कळ असतात हे खरं. पण लाकूडतोडीत माणूस जिवानिशी जातो तो बहुतेक वेळा झाड, फांदी किंवा ओंडका अंगावर आल्यानं. दोन टनांचा बुंधा अंगावर आला तर पँट काय करणार आणि हेल्मेट तरी काय करणार? तिथे उपयोगी पडतं ते फक्त शिक्षण. कायदा करताना आधी प्रशिक्षण, मग साधनं. उलटं केलं तर पँट-हेल्मेट चढवलेला अडाणी माणूस झाडाखाली उभा करण्याची सोय होईल, दुसरं काही नाही.

मापपट्टी

पाचर, 'शिक्षण' म्हणजे नेमकं काय तपासायचं, ते तुम्हीच लिहा ना. चर्चा तिथेच अडते.

पाचर

लिहितो. ४० सेंटिमीटर जाडीचं, सरळ उभं, निरोगी झाड घेऊ.

मशीन सुरू करण्याआधीची कामं : झाडाचा कल, शेंड्याचं वजन कुठे आहे, वर लटकलेली सुकी फांदी, बुंध्यावर ठोकून पोकळ आवाज येतो का. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कुणी नको. माघारीची वाट आधीच साफ केलेली असावी, झाड पडणार त्याच्या उलट दिशेला, तिरपी, साधारण ४५ अंशांत. थेट मागे नाही, कारण बुंधा मागे उसळू शकतो.

मग पुढची खाच. खोली व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी, म्हणजे ८ ते १० सेंटिमीटर. उघडी खाच असेल तर कोन ७० अंशांच्या पुढे, म्हणजे झाड जवळपास आडवं होईपर्यंत बिजागरी (खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये न कापता ठेवलेली लाकडाची पट्टी) तुटत नाही. इथे सगळ्यात नेहमीची चूक अशी की वरचा आणि खालचा काप एकाच रेषेवर मिळत नाहीत, एक दुसऱ्याच्या पलीकडे जातो. दिसायला फट बारीकच असते. पण झाड झुकायला लागलं की ती फट आधी मिटते, बिजागरीवर एकदम ताण येतो, ती वेळेआधी तुटते आणि झाड वाटेल तिकडे जातं.

बिजागरीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी, इथे ४ सेंटिमीटर. लांबी व्यासाच्या ८० टक्के, म्हणजे सुमारे ३२ सेंटिमीटर. दोन्ही टोकांना जाडी सारखीच हवी. एका बाजूला ४ आणि दुसऱ्या बाजूला १ उरली तर झाड जाड बाजूकडे ओढलं जातं.

मागचा काप मारताना बार (साखळी जिच्या कडेनं फिरते ती लांब पट्टी) आत गेला की त्याच्या मागे पाचर सरकवायची, बार अडकायच्या आधी. अडकल्यानंतर पाचर घालायला जागाच उरत नाही.

यातलं काहीही मताचा प्रश्न नाही. झाड पडल्यावर खुंट समोर असतो. परीक्षकानं खिशातली टेप काढावी आणि खाचेची खोली, बिजागरीची दोन्ही टोकं, कापांची रेषा मोजावी. पाचपैकी पाच खुंट मापात असतील तर दाखला, नाही तर पुन्हा सराव.

रानमळा

माझा सक्तीला विरोध आहे. निदान सरसकट सक्तीला.

शेतावर, बागेत, आवारात चेनसॉ बहुतेक वेळा आडव्या लाकडावर चालतो. पडलेल्या फांद्या, सरपणाचे तुकडे, कुंपणाचे खांब. त्या माणसाला बिजागरीची परीक्षा द्यायला लावणं म्हणजे सायकलस्वाराकडे ट्रकचा परवाना मागणं. शिवाय नियम कडक झाले की लोक मशीन सोडत नाहीत, नियम सोडतात. परवान्याच्या भीतीनं जुनी, चेन ब्रेक (साखळी झटक्यात थांबवणारा ब्रेक) नसलेली मशिनं हातोहात फिरत राहतील. तपासायला कोण येणार? रानात प्रत्येक झाडामागे निरीक्षक उभा राहणार नाही.

पाचर

रानमळा, पडलेलं झाड सोपं असतं हा समज मात्र पहिला खोडायला हवा.

वादळानं मुळासकट उपटलेलं झाड घ्या. मुळांची माती धरलेली चकती उभी असते आणि खोड तिला दाबून धरत असतं. खोड चकतीजवळ कापलं की चकती परत खड्ड्यात आपटते. तिच्या मागे कुणी उभा असेल तर दबतो. स्वीडननं वादळातल्या झाडांसाठी वेगळा टप्पा ठेवलाय तो उगाच नाही.

साधी वाकलेली फांदी घ्या. तिची एक बाजू दाबाखाली असते, दुसरी ताणाखाली. ताणाच्या बाजूनं एकदम काप घातला की ती फाटते आणि चाबकासारखी तोंडावर येते. आधी दाबाच्या बाजूला थोडासा काप, साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, बार चिमटीत सापडायला लागण्याआधी थांबायचं. मग ताणाच्या बाजूनं हळूहळू. उभं राहायचं ते फांदी उसळेल त्या बाजूला नाही.

रानमळा

हे मान्य. मग माझं म्हणणं दुरुस्त करून मांडतो : सक्ती असावी, पण कामाप्रमाणे टप्प्यांची. आडवं लाकूड कापायला अर्ध्या दिवसाचं शिक्षण, उभं झाड पाडायला परीक्षा, झाडावर चढून कापायला आणखी वरची. एकच मोठा परवाना नको.

मापपट्टी

टप्प्यांना माझी पूर्ण सहमती.

कानसवाला

सगळे माणसाच्या परीक्षेवर बोलताहेत. मशीनच्या स्थितीचं काय? बोथट चेन आणि चुकीची लावलेली चेन हे अपघाताचं निम्मं कारण आधीच तयार करून ठेवतात, म्हणून देखभाल परीक्षेत हवीच.

धार बरोबर असेल तर काप मारताना ढलप्या उडतात. बारीक पीठ उडायला लागलं की चेन बोथट झाली. बोथट चेन लाकूड ओढत नाही, मग माणूस जोर लावतो. जोर लावलेल्या हातातून काप संपताना मशीन सुटल्यासारखं खाली जातं. थकवाही दुप्पट.

कानशीचा व्यास पिचप्रमाणे : ३/८ लो प्रोफाइलला ४ मिलिमीटर, .३२५ ला ४.८, मोठ्या ३/८ ला कंपनीनं सांगितल्याप्रमाणे ५.२ किंवा ५.५. वरच्या पात्याचा कोन बहुतेक साखळ्यांना ३० अंश, पण खात्री खोक्यावरून करा. घासायचं आतून बाहेर, एकाच दिशेनं. डाव्या आणि उजव्या दातांची लांबी सारखी राहिली नाही तर काप वाकडा जातो आणि बार लाकडात चिमटतो.

सगळ्यात धोकादायक चूक रेकरची, म्हणजे दाताच्या पुढे जो उंचवटा असतो त्याची. तो दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. मापाची पट्टी लावून सपाट कानशीनं घासायचा आणि पुढची कड गोल करायची. 'मशीन जास्त कापेल' म्हणून रेकर अंदाजानं खूप खाली घासणारे बरेच आहेत. त्यानं दात लाकडात खोल घुसतो, मशीन हिसके देतं आणि किकबॅकचा, म्हणजे बार अचानक माणसाकडे उसळण्याचा, जोर वाढतो. लो किकबॅक चेन विकत घेऊन रेकर असे उडवले, तर तिचा उपयोग तिथेच संपला.

उलटा_काप

किकबॅकचं नाव निघालं आहे तर ते नीट लिहूनच टाकतो. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला किंवा मागे लपलेल्या दुसऱ्या फांदीला टेकला की साखळी तिथे क्षणभर अडते आणि तिची सगळी ऊर्जा बारला वर आणि मागे, माणसाच्या मान-चेहऱ्याकडे फेकते. हे इतक्या कमी वेळात घडतं की डोळा-मेंदू-हात ही साखळी पुरी पडत नाही. म्हणून चेन ब्रेक आहे : डाव्या मनगटाचा धक्का पुढच्या गार्डला लागून, किंवा नुसत्या झटक्याच्या जडत्वानं, पट्टा क्लचच्या ड्रमवर आवळला जातो आणि साखळी ०.१५ सेकंदाच्या आत थांबते.

पण हे डावा अंगठा पुढच्या हँडलखालून वळवून पक्की पकड असेल तरच. अंगठा इतर बोटांच्या बाजूलाच ठेवलेला असेल तर हात सुटतो आणि मग ब्रेक लागला तरी फिरता बार तोंडावर येतोच. डावी कोपर सरळ ठेवायची, डोकं बारच्या रेषेत नाही, खांद्याच्या वर काप नाही. या चार गोष्टी दहा मिनिटांत दाखवता येतात, पण अंगवळणी पाडायला कुणीतरी शेजारी उभं राहून पुन्हा पुन्हा टोकावं लागतं. व्हिडिओ बघून अंगठा वळत नाही.

चौथी_फांदी

झाडावर चढून काम करणाऱ्यांच्या बाजूनं दोन गोष्टी.

वर हँडल असलेलं छोटं मशीन हलकं म्हणून घरगुती वापरासाठी सर्रास घेतलं जातं. ते मुळात प्रशिक्षित, दोरावर काम करणाऱ्या माणसासाठी बनवलेलं आहे. त्याचं मानकसुद्धा वेगळं, आयएसओ ११६८१ चा दुसरा भाग. हँडल वर असल्यानं ते एका हातानं धरायचा मोह होतो, आणि एका हातात धरलेल्या मशीनचा किकबॅक अडवायला दुसरा हात नसतो. उलट तो दुसरा हात बहुतेक वेळा कापत असलेल्या फांदीवरच असतो. विक्रीच्या टप्प्यावरच बंधन हवं असं एकमेव मशीन निवडायचं झालं, तर मी हे निवडेन.

दुसरी गोष्ट, वर चढणाऱ्याला बांधणी दोन ठिकाणी हवी. एक मुख्य दोर, आणि कापताना दुसरा आधार, शक्यतो पोलादी गाभ्याचा. आणि खाली एक माणूस असा हवा की ज्याला वर चढून जखमीला खाली आणता येतं. नुसता फांद्या उचलणारा मदतनीस म्हणजे बचावाची सोय नव्हे. कायद्यात 'दोन माणसं' एवढंच लिहिलं तर हा फरक गळून पडेल.

नाडी

आपत्कालीन उपचारांच्या बाजूनं लिहिते.

मांडीची मोठी रक्तवाहिनी कापली गेली तर हातात फक्त काही मिनिटं असतात. रुग्णवाहिका तेवढ्यात पोहोचत नाही, रानात तर नाहीच. म्हणून साधनांच्या सक्तीत अंगावरची किट हवी, गाडीतली नव्हे. टूर्निकेट (रक्तप्रवाह थांबवायला आवळायचा पट्टा), रक्त गोठवणारी पट्टी, एक मोठी दाबाची पट्टी. हे सगळं एका हाताला पोहोचेल अशा खिशात. टूर्निकेट जखमेच्या वर ५ ते ७ सेंटिमीटरवर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचं, वेळ लिहून ठेवायची आणि सैल करून बघायचं नाही. कपड्यावरून लावायची पाळी आली तर मांडीच्या खिशातला मोबाईल आधी काढा, नाही तर दाब त्याच्यावरच येतो. चेनसॉची जखम फाटलेली असते, तिच्यात भुसा, तेल आणि पँटचे तंतू असतात. जागेवर साफ करत बसू नका. दाबा आणि हलवा.

कामाला लागण्याआधी जागेचे जीपीएस आकडे प्रत्येकाच्या खिशात लिहिलेले असावेत.

कानांचं नुकसान रक्तासारखं दिसत नाही म्हणून ते मागे पडतं. ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा धरली आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा केला, तर १०० डेसिबलला १५ मिनिटं उरतात. पेट्रोलचा चेनसॉ सहज १०० च्या पुढे जातो. इअरमफ कानाला पूर्ण बसायला हवा, चष्म्याची जाड काडी मध्ये आली तरी आवाज आत शिरतो.

आणि हातांचं कंपन. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात ८ तासांच्या सरासरीला २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही कृतीची पातळी आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. ५ चं कंपन देणारं मशीन २ तास चालवलं की पहिली पातळी गाठली जाते. थंडीत बोटं पांढरी पडणं, मुंग्या येणं ही सुरुवात असते. नंतर शर्टाचं बटणही लावता येत नाही, आणि ते परत येत नाही. रबरी माउंट झिजले, चेन बोथट झाली की हेच आकडे चढतात. कानसवाला म्हणतात त्या देखभालीचा संबंध थेट नसांशी आहे.

हिरवट

गरम हवेत ही पँट घालून दिवसभर काम करणं अशक्यप्राय होतं, हेही नोंदवा. उष्णतेनं चक्कर आलेला माणूस चुकीचे निर्णय घेतो. सक्ती असेल तर चॅप्स, म्हणजे पुढून बांधायची आवरणं, चालतात असं स्पष्ट लिहायला हवं.

उलटा_काप

हिरवट, जमिनीवरच्या कामाला चॅप्स चालायला हवेत हे मला मान्य आहे, पण अटींसह. ते पोटरीला पूर्ण वळसा घेणारे हवेत आणि सगळे पट्टे आवळलेले हवेत. सैल चॅप्स साखळी लागली की पायाभोवती फिरतात आणि उघडा भाग समोर येतो. वर चढणाऱ्याला मात्र चॅप्स नाहीत, तिथे सगळ्या बाजूंनी संरक्षण देणारी, टाइप सी ची पँट. चढणाऱ्याचा पाय कुठल्याही बाजूनं साखळीसमोर येऊ शकतो.

विजेरी

बॅटरीवरचा चेनसॉ या चर्चेतून सुटू नये. आवाज कमी, धूर नाही, बटण दाबलं की चालू. त्यामुळे ते खेळणं वाटतं आणि लोक चपला घालून चालवतात.

पेट्रोल मशीनचा क्लच ठरावीक जोरानंतर घसरतो, म्हणून तंतू गुंडाळले की साखळी थांबते. विजेच्या मोटरचा जोर कमी वेगालाही टिकतो, त्यामुळे काही मशिनं तंतूंमधून पुढे ओढत राहू शकतात. पँट निरुपयोगी नाही, पण पेट्रोलवर मिळते तेवढी खात्री इथे धरू नये.

आणखी एक. पेट्रोलचं मशीन बंद असलं की ते बंद आहे हे ऐकू येतं. बॅटरीचं ऐकू येत नाही. चेन घट्ट करताना, धार लावताना, अडकलेली ढलपी काढताना बॅटरी बाहेर काढून बाजूला ठेवायची. परीक्षेत उमेदवार हे न सांगता करतो का, ते बघावं.

मापपट्टी

आता रानमळांच्या 'तपासणार कोण' या प्रश्नाकडे येतो. झाडामागे निरीक्षक उभा करायची गरज नाही. मशीन तीन दारांतून जातं : विक्री, भाड्यानं देणं आणि मजुरीवर लावणं. तिन्ही दारांवर कागद असतो. विक्रेत्यानं मशीनसोबत त्याच्या वेगाला जुळणारं पायांचं आवरण आणि जाळी-इअरमफसह हेल्मेट दिल्याशिवाय बिल करू नये. मालकाकडे दाखल्याची प्रत नसेल तर अपघात झाल्यावर विम्यानं त्याच्याकडून वसुली करावी. घरगुती वापरणाऱ्याला दंड करत फिरायचं नाही, पण तो मशीन घेतो त्या दारावर अर्ध्या दिवसाचं शिक्षण आणि साधनं त्याला मिळालीच पाहिजेत.

रानमळा

यात मला भाड्याचं दार सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. विकत घेणारा निदान वर्षभर तेच मशीन चालवतो, हळूहळू ओळख होते. भाड्यानं नेणारा एका दिवसासाठी नेतो, काम उरकायची घाई असते, मशीनची काही माहिती नसते, आणि परत येणाऱ्या मशीनची धार आधीच्या गिऱ्हाइकानं दगडाला लावून घालवलेली असते. सक्ती इथून सुरू झाली तर माझा विरोध नाही.

कानसवाला

मग भाड्यानं देणाऱ्यानं काउंटरवर, गिऱ्हाइकासमोर काय करावं ते नियमातच लिहा. मशीन बंद असताना : चेन हातमोजा घालून ओढून बघायची, बारच्या खालच्या बाजूला लोंबता कामा नये, पण हातानं फिरली पाहिजे. बारखालचा चेन कॅचर तुटलेला नाही ना. मागच्या हँडलचा लॉक दाबल्याशिवाय ट्रिगर हलता कामा नये. मागच्या हँडलखालचा रुंद भाग शाबूत हवा, तुटलेली चेन उजव्या हातावर येते ती तोच अडवतो.

मग सुरू करायचं. मशीन जमिनीवर, चेन ब्रेक लावलेला, उजव्या बुटाचं टोक मागच्या हँडलमध्ये, डावा हात पुढच्या हँडलवर. हवेत सोडून दोरी ओढायची पद्धत दिसली की मशीन परत घ्यायचं, अमेरिकेच्या नियमातही ती मनाईच आहे. ब्रेक सोडल्यावर मोकळ्या चालीत चेन फिरायला नको. फिरत असेल तर आयडल स्क्रू चुकलाय किंवा क्लचची स्प्रिंग गेली, ते मशीन त्या दिवशी बाहेर जाणार नाही. शेवटी पूर्ण वेग देऊन मनगटानं गार्ड पुढे ढकलायचा, चेन जागच्या जागी थांबली पाहिजे, आणि लगेच ट्रिगर सोडायचा. ब्रेक लावून वेग देत राहिलं तर क्लच जळतो. बारचं टोक फिकट रंगाच्या पुठ्ठ्याजवळ धरून, थोडा वेग देऊन तेलाची रेघ उमटते का, तेही बघायचं. तेल नसेल तर बार तापून चेन सैल होते आणि उडते.

पेट्रोल भरून देणार असाल तर ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर तेल. भरलं त्या जागेपासून किमान ३ मीटर लांब नेऊन मगच सुरू करा.

नाडी

त्या काउंटरवर पँटही तपासा. भाड्याच्या पँट कितीजणांनी घातल्या, कुणाला कल्पना नसते. एकही काप आतल्या थरापर्यंत गेला असेल तर ती बाद. शिवून परत वापरायची नाही, टाक्यानं तंतू जागेवर बांधले जातात आणि मग ते ओढले जात नाहीत.

उलटा_काप

अगदी. आणि धुताना ब्लीच नाही, गरम ड्रायर नाही. चेनच्या तेलानं आतले तंतू चिकटून गठ्ठा झाले असतील तर बाहेरून पँट कोरी दिसली तरी आत काही उरलेलं नसतं. उजेडासमोर धरून बोटांनी थर चाचपायचा. मांडीच्या वरच्या भागापासून बुटापर्यंत जाडी सगळीकडे सारखी लागली पाहिजे. मध्येच गोळा आणि त्याच्या शेजारी पोकळ जागा लागली तर ती पँट भाड्याच्या कपाटात परत जाता कामा नये.

मापपट्टी

कानसवाला, तुमची काउंटरवरची तपासणी आणि पाचर यांची खुंटाची मापं एकत्र करून या नियमांचा पहिला खर्डा करतो. पाचर, पुढे झुकलेल्या झाडाचा काप राहिला. त्याशिवाय उभ्या झाडाचा टप्पा पुरा होत नाही.

पाचर

लिहितो. पुढे झुकलेल्या झाडाला मागून नेहमीसारखा काप देत गेलात तर बिजागरीपर्यंत पोहोचायच्या आधीच झाड पडायला लागतं, खोड मधोमध उभं चिरतं आणि मागचा अर्धा भाग माणसाच्या डोक्याच्या उंचीवर मागे फेकला जातो. म्हणून खाच मारल्यावर बार बाजूनं आत भोसकायचा, आणि त्या वेळी सुरुवात बारच्या टोकाच्या खालच्या भागानं करायची, वरच्या भागानं केली तर किकबॅक तिथेच. आत गेल्यावर आधी पुढे जाऊन बिजागरी मापात आणायची, मग मागे येत कापायचं आणि मागच्या कडेला एक पट्टी तशीच धरून ठेवायची. आता थांबायचं, माघारीची वाट पुन्हा बघायची, आवाज द्यायचा. मग बार बाहेर काढून ती पट्टी मागून, मुख्य कापाच्या किंचित खाली कापायची आणि लगेच निघायचं. परीक्षेत हा काप सुरुवातीला सरळ उभ्या झाडावर तपासावा, झुकलेल्या झाडावर नंतर. खुंटावर भोसकलेल्या कापाची दोन्ही तोंडं एकाच पातळीवर आहेत का ते मोजायचं. ४० सेंटिमीटरच्या झाडात दोन्हींत २ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर उमेदवार मशीन समतल धरायला अजून शिकलेला नाही.